कांद्याचं बी: पाकिटावर जात एकच, मग शेतात एवढा फरक का?

निफाडकर

उन्हाळ कांद्याची रोपं टाकायचे दिवस जवळ आले की दरवर्षी तोच प्रश्न: बी कोणाचं घ्यायचं? एकट्या एन-२-४-१ या उन्हाळ जातीचं बी कृषी विद्यापीठाकडे मिळतं, खासगी कंपन्यांच्या पाकिटांत मिळतं आणि गावोगावच्या बीजोत्पादकांकडे सुटंही मिळतं. नाव सगळीकडे एकच. शेतात मात्र एका लॉटचा कांदा एकसारखा गोल, बारीक मानेचा, चाळीत (कांदा साठवायच्या शेडमध्ये) पाच महिने टिकणारा, आणि दुसऱ्या लॉटमध्ये डेंगळे (फुलाचा दांडा काढणारी झाडं), जोड (एकात दोन-तीन गड्डे असलेले कांदे), दोन-तीन रंगांची भेसळ आणि ऑगस्टआधीच कोंब.

हा फरक जातीचा, बी बनवणाऱ्याचा की हवामानाचा? आणि पाकीट फोडण्याआधी तो ओळखायचा कसा? कंपन्यांची नावं घेऊन भांडण नको. बी कसं बनतं आणि कुठे बिघडतं, यावर जाणत्यांनी लिहावं.

गोंडेवाला

चांगला विषय. गहू किंवा हरभरा स्वतःच्याच परागावर फळतो, त्यामुळे शुद्ध बी शेजारच्या शेतामुळे सहसा बिघडत नाही. कांद्याचं तसं नाही. कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात, पराग झडून जातो, आणि त्यानंतर त्या फुलाची कुक्षी पराग घ्यायला तयार होते. म्हणून पराग दुसऱ्या फुलाचा लागतो. तो मधमाशी आणते आणि मधमाशीला बांध कळत नाही.

यामुळे कांद्याची कुठलीही सरळ (संकरित नसलेली) जात म्हणजे थोड्याथोड्या फरकाच्या हजारो झाडांचा समूह असतो. तो समूह दर पिढीला निवड करून जागेवर ठेवावा लागतो. दोन पिढ्या निवड सोडली की नाव तेच राहतं आणि माल बदलतो.

निवड कुठे होते तेही सांगतो. पहिल्या हंगामात कांदा वाढत असताना डेंगळे आणि वेगळ्या पातीची झाडं उपटायची. काढणीला रंग, आकार आणि मान बघून मातृकांदे (बियाण्यासाठी परत लावायचे कांदे) बाजूला काढायचे. मग हे कांदे मेपासून ऑक्टोबरपर्यंत चाळीत ठेवायचे. जे सडले, ज्यांना कोंब आले ते आपोआप बाद. शेवटी लागवडीच्या वेळी वरचा एक तृतीयांश भाग कापून आत बघायचं. एक डोळा (कोंबाचं केंद्र) असेल तो कांदा ठेवायचा, तीन-चार डोळ्यांचा फेकायचा, आणि कापलेला कांदा कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून लावायचा. उन्हाळ कांद्याची टिकवण बियाण्यात येते ती या चाळीतल्या पाच महिन्यांमुळे. ज्यानं ही पायरी गाळली त्याच्या पाकिटावर ‘साठवणुकीस उत्तम’ छापलेलं असलं तरी त्याला अर्थ नाही.

रानवारा

डेंगळ्यांचं खापर दरवेळी बियाण्यावर फोडू नका. थंडी लांबली की कुठलंही बी डेंगळे देतं.

येवल्याची_पात

रानवारा, अर्धं बरोबर आहे. कांद्याचं रोप ठरावीक जाडीचं झालं आणि मग १०-१५ अंशांची थंडी बरेच दिवस मिळाली की फुलोऱ्याचा दांडा निघतो. म्हणून सप्टेंबरात घाई करून रोपं टाकली आणि ६५-७० दिवसांची जाड रोपं लावली, तर थंडी येते तेव्हा ती फुलायला तयारच असतात. ४५-५० दिवसांचं, सुतळीपेक्षा थोडं जाड रोप लावलं की ते कमी होतं. नत्राची टंचाई पडली तरी डेंगळे वाढतात.

पण किती थंडीवर दांडा निघणार हे आनुवंशिक आहे. काही झाडं थोड्या थंडीत फुलतात, काही कडाक्याच्या थंडीतही दाद देत नाहीत. हवामानाचा दोष की बियाण्याचा, हे ओळखायला एकच रास्त चाचणी: दोन लॉट एकाच दिवशी, एकाच वाफ्यात टाकायचे आणि शेजारी शेजारी लावायचे. दोन्हीकडे सारखेच डेंगळे आले तर हवामान किंवा रोपाचं वय. एका बाजूला बारा टक्के आणि दुसऱ्या बाजूला दोन, तर तो बियाण्याचा प्रश्न.

गोंडेवाला

येवल्याची_पात यांच्या मुद्द्याला जोडून सगळ्यात वाईट प्रकार सांगतो. बाजारासाठी लावलेल्या कांद्यात जे डेंगळे निघतात, त्यांचे गोंडे (फुलांचे गोल झुबके) खुडून बी काढायचं आणि विकायचं. खर्च शून्य, कारण ते झाड तसंही वाया गेलेलं असतं. पण ते बी म्हणजे लवकर फुलणाऱ्या झाडांचीच वेचून काढलेली पिढी. आपण जी सवय घालवायचा प्रयत्न करतो तिचीच निवड होते. असं बी दोन वर्षं सलग फिरलं की गावातला कांदा डेंगळ्यांनी भरतो आणि मग सगळे थंडीला दोष देतात.

जरा सभ्य प्रकार म्हणजे बियापासून थेट बी. ऑगस्टच्या सुमारास रोपं टाकायची, लावायची आणि कांदा न काढता शेतातच फुलू द्यायचा. मातृकांद्याचा खर्च वाचतो, चाळ लागत नाही, बी एका वर्षात हातात. मात्र कांदा जमिनीतून वर आलाच नाही, तर त्याचा रंग, मान, डोळे कोण बघणार? मूळ बी अतिशय शुद्ध असेल तर एखाद्या शेवटच्या पिढीला ही पद्धत चालते. पुढच्या बीजोत्पादनासाठी मात्र ती अजिबात नको.

चाळकरी

अजून एक गोष्ट, जी फार कमी लोक धरतात: बाजारभाव.

लागवडीच्या वेळी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कांदा चढ्या भावाने जात असेल तर ६० ते ८० ग्रॅमचा निवडक कांदा जमिनीत पुरायला हात धजत नाही. हेक्टरी २५-३० क्विंटल कांदा लागतो, तोही पाच महिने सांभाळलेला. मग चांगला माल लासलगावला जातो आणि शेतात गोल्टी (बारीक कांदा) किंवा कोंब आलेला कांदा जातो. कोंब आलेला कांदा लावणं म्हणजे न टिकणाऱ्या कांद्याचं बी करणं. म्हणून ज्या दिवाळीला भाव कडाडलेले असतात, त्यानंतरच्या एप्रिल-मेमध्ये निघालेलं बी घेताना जास्त चौकशी करावी.

मधपेटी

चाळकरींनी पैशाचा मुद्दा काढलाच आहे, तर त्यातलाच दुसरा भाग. कंत्राटी बीजोत्पादनात शेतकऱ्याला पैसे किलोवर मिळतात. एकडोळी कांद्याला दांडे कमी निघतात, दोन-तीन डोळ्यांच्या कांद्याला जास्त. दांडे जास्त म्हणजे गोंडे जास्त, म्हणजे बी जास्त. म्हणजे जोड कांदा लावणाऱ्याचं उत्पन्न वाढतं आणि ते बी घेणाऱ्याच्या शेतात जोड वाढतात. कंपनीचा माणूस लागवडीच्या दिवशी शेतावर उभा राहून कापलेले कांदे बघतो की नाही, यावर सगळं ठरतं. काही कंपन्या मातृकांदे स्वतःच्या देखरेखीखाली तयार करून देतात, काही फक्त मे महिन्यात बी उचलायला गाडी पाठवतात. पाकीट दोघांचंही चकचकीत.

सह्याद्री_७

जोड कांदा पूर्ण आनुवंशिक आहे का? लांब अंतरावर लावला, नत्र जास्त झालं की चांगल्या बियाण्यातही जोड येतात ना?

मधपेटी

येतात. पाण्याची पाळी चुकून एकदम ताण आणि मग भरपूर पाणी, हेही कारण आहे. १५ बाय १० सेंटीमीटरवर लावलेल्या, वेळेवर पाणी मिळालेल्या शेतात मात्र जोड बरेच निघाले तर बियाण्याकडे बघावं लागतं. जातीजातीतही फरक आहे. एन-५३ मध्ये जोड मुळातच जास्त. भीमा सुपर निवडलीच गेली ती एकडोळी कांद्यासाठी.

पीक_निरीक्षक

धाग्यात टॅगचा विषय यायलाच हवा, कारण निम्मी माहिती तिथेच असते.

पैदासकार (मूळ) बियाण्याला सोनेरी पिवळा टॅग, त्यापासून केलेल्या पायाभूतला पांढरा, त्यापासूनच्या प्रमाणितला निळा. पाकिटावर हिरवं लेबल असेल तर ते सत्यप्रत बियाणं. म्हणजे विकणाऱ्यानं स्वतः सांगितलं की आत हे आहे. प्रमाणीकरण यंत्रणेनं शेत पाहिलेलं नसतं. बाजारातलं बहुतेक कांदा बी याच प्रकारचं आहे. सत्यप्रत म्हणजे वाईट असं नाही, फक्त त्यात विश्वास पूर्णपणे विकणाऱ्यावर.

प्रमाणित बियाण्याचे निकष: इतर जातींच्या कांद्यापासून बीजोत्पादन प्लॉटचं अंतर किमान ५०० मीटर, पायाभूतसाठी १,००० मीटर. उगवण किमान ७० टक्के, भौतिक शुद्धता ९८ टक्के. ओलावा साध्या पिशवीत ८ टक्क्यांपर्यंत, हवाबंद डब्यात ६ टक्क्यांपर्यंत.

यात लक्षात घ्या, उगवण आणि शुद्धता प्रयोगशाळेत बी बघून कळतात. ९८ टक्के शुद्धता म्हणजे काडीकचरा, माती नाही इतकंच. त्या काळ्या दाण्याच्या आत एन-२-४-१ आहे की आणखी काही, हे दाणा बघून कुणालाही सांगता येत नाही.

निफाडकर

मग जातीची शुद्धता तपासतात कशी?

पीक_निरीक्षक

लावून बघायचं, कांदा काढून मोजायचा. आणि इथेच गोम आहे. बी एप्रिल-मेमध्ये निघतं. उन्हाळ कांद्याची लावणचाचणी घ्यायची तर रोप ऑक्टोबरात, कांदा पुढच्या एप्रिलात. निकाल येईपर्यंत त्या लॉटचं बी विकून, पेरून, कांदा बाजारात पोचलेला असतो. बियाण्याची मुदतही तपासणीपासून नऊ महिनेच. म्हणून शिस्तीचा उत्पादक मागच्या वर्षीचा लॉट लावून बघतो आणि कुठल्या प्लॉटवरचं बी पुढे चालवायचं, कुठलं बाद करायचं, हे त्यावरून ठरवतो. ज्याच्याकडे चाचणीचा प्लॉटच नाही, त्याला स्वतःलाच माहीत नसतं तो काय विकतोय.

राहुरीचा_वारा

थोडक्यात, विद्यापीठाचं किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचं बी घ्या आणि निवांत झोपा.

चाळकरी

मिळालं तर झोपू ना! विक्री सुरू झाली की रांग लागते. राज्याची गरज आणि तिथे तयार होणारं बी यांचा मेळ बसत नाही. बहुतेकांना शेवटी खासगी किंवा गावातलंच बी घ्यावं लागतं.

गोंडेवाला

राहुरीचा_वारा, संशोधन संस्थांच्या बियाण्याबद्दल मलाही आदर आहे. ज्यांनी जात निवडली त्यांच्याकडे मूळ समूह असतो, मोठ्या संख्येनं मातृकांदे असतात, नोंदी असतात. भीमा शक्ती, भीमा किरण, ॲग्रीफाउंड लाइट रेड, फुले समर्थ यांचं मूळ बी तिथूनच घ्यावं. तरीही ‘संस्थेचं’ हा शब्द तपासून घ्या. संस्थेनं पैदासकार बी दिलं, त्यापासून कुणी पायाभूत केलं, त्यापासून आणखी कुणी पुढची पिढी केली, आणि शेवटच्या पाकिटावर जातीचं नाव तेच राहिलं. मधल्या माणसानं ५०० मीटर पाळलं की नाही, यावर शेवटचा दाणा ठरतो.

खासगी कंपन्यांतही सरसकट एकच शिक्का नको. ज्यांचा स्वतःचा संशोधन विभाग आहे त्यांची निवड काही वेळा फार काटेकोर असते, दाणा भरलेला असतो, डबा हवाबंद असतो. दुसऱ्या टोकाला नुसते पाकीट भरणारे आहेत. ते चार गावांतून बी गोळा करतात, एकत्र ओततात आणि स्वतःचं नाव छापतात. त्यांच्याकडे यंदाचं आणि पुढच्या वर्षीचं पाकीट यांचा काही संबंध नसतो. ‘यंदा छान निघालं, पुढच्या वर्षी हेच घेऊ’ हा हिशेब तिथे चालत नाही.

नवा_गडी

एक शंका. संकरित कांद्याचं बी घेतलं तर हा सगळा त्रास संपतो का? आणि त्याचेच कांदे ठेवून पुढं बी धरता येईल का?

गोंडेवाला

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, बराचसा. संकरित कांद्याचा माल एकसारखा निघतो कारण प्रत्येक झाडाचे आईबाप ठरलेले असतात. कांद्याचं फूल इतकं बारीक की हातानं नर काढणं शक्य नाही, म्हणून मादी ओळ नरवंध्य (पराग न देणारी) लागते. अशी नरवंध्यता अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९२५ साली ‘इटालियन रेड’ कांद्याच्या एका झाडात सापडली आणि जगभरचा संकरित कांदा त्यावर उभा राहिला. आपल्याकडे बंगळूरच्या बागवानी संशोधन संस्थेचे अर्का कीर्तिमान आणि अर्का लालिमा हे संकरित वाण आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, नको. आईकडून आलेली वंध्यता संकरित झाडात उतरते. खायच्या कांद्याला बी नकोच असतं, त्यामुळे ती दुरुस्त करायची गरज कंपनीला पडत नाही. तुम्ही ते कांदे लावले तर अनेक झाडांना पराग येतच नाही. जे बी धरेल ते शेजारच्या कुठल्यातरी कांद्याच्या परागाचं, आणि पुढची पिढी दहा तऱ्हांची.

अलिबागची_लाट

पांढऱ्या कांद्याची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहिते. विलगीकरण (इतर कांद्यापासूनचं अंतर) पाळलं की नाही याचा पुरावा पांढऱ्या कांद्यात लगेच मिळतो. लाल रंग पांढऱ्यावर सहसा भारी पडतो. पांढऱ्या कांद्याच्या बीजोत्पादन प्लॉटवर लाल कांद्याचा पराग आला, तर त्या बियाण्यापासूनच्या पहिल्याच पिकात लाल-गुलाबी कांदे दिसतात. ते मोजा, बी बनवणाऱ्यानं किती अंतर ठेवलं होतं ते कळतं.

लाल कांद्यात उलटं होतं. पांढऱ्याचा पराग आला तरी पहिल्या पिढीत कांदा लालच दिसतो, काही कळत नाही. पुढच्या पिढीत पांढरे, फिके बाहेर येतात. म्हणून लाल कांद्याचं घरचं बी दोन वर्षं बरं चालतं आणि तिसऱ्या वर्षी ‘अचानक’ भेसळ दिसते. चूक दोन वर्षं आधी झालेली असते.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि तो टिकला तो लोकांनी घरचं बी धरलं म्हणून. आजूबाजूला लाल कांद्याचे गोंडे नसणं हा त्याचा मोठा आधार.

मधपेटी

अलिबागची_लाट, उत्तम मुद्दा. ५०० मीटरबद्दल एक भर घालते. मधमाशी दोन-तीन किलोमीटरही सहज जाते. ५०० मीटर म्हणजे भेसळ शून्य असं नाही, ती सोसण्याइतकी कमी. बुलढाणा-जालना पट्ट्यात जिथे शिवारात अनेक शेतकरी वेगवेगळ्या कंपन्यांचं बीजोत्पादन घेतात, तिथे सगळ्यांनी मिळून एका शिवारात एकच जात लावली तरच ते अंतर खरं होतं.

आणि कृपा करून, गोंडे फुललेले असताना सकाळी कीटकनाशक मारू नका. फुलकिड्यांसाठी जी फवारणी करायची ती फुलोऱ्याच्या आधी. अगदीच गरज पडली तर सायंकाळी, मधमाशा परतल्यावर. मधमाश्या मेल्या की गोंड्यात पोकळ दाणे राहतात. दहा टक्के फुलं उमलली की एकरी तीन-चार पेट्या ठेवा.

रॉटरडॅमकर

थोडं अवांतर. इथे नेदरलँड्समध्ये परसबागेत आपला उन्हाळ कांदा लावायचा आहे. बी मागवलं तर निघेल का?

येवल्याची_पात

पात खायला निघेल. आपले कांदे साधारण ११-१२ तासांच्या दिवसाला गड्डा भरायला लागतात. तुमच्याकडे मार्चमध्ये पेरलेलं रोप हाताला लागेपर्यंत दिवस १४ तासांच्या पुढे जातो. रोप लहान असतानाच गड्डा धरतं आणि कांदा लिंबाएवढाही होत नाही. याच कारणानं युरोपातून आणलेलं बी नाशकात नुसती पात देतं, गड्डा धरत नाही. तिथल्या दुकानातलंच लांब दिवसाचं बी घ्या.

निफाडकर

मूळ प्रश्नाकडे येऊ. आता हातात पाकीट आहे, किंवा गावातल्या बीजोत्पादकाच्या ओट्यावर बसलोय. काय बघायचं, काय विचारायचं?

शिवार_नोंद

उगवणीपासून सुरू करतो, कारण ती घरी तपासता येते. शंभर दाणे मोजून घ्या, पंचवीस-पंचवीसचे चार गट करा. ओल्या, निथळलेल्या कागदात किंवा गोणपाटात गुंडाळा. सहाव्या दिवशी आणि बाराव्या दिवशी मोजा. तापमान २० अंशांच्या आसपास हवं. मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलं तर चांगलं बीही नापास होईल. माठाशेजारी, जमिनीलगत ठेवा. चारही गटांत आकडा जवळपास सारखा आला पाहिजे. सहाव्या दिवशी कमी आणि बाराव्यापर्यंत रेंगाळत आलेलं बी जुनं किंवा जुन्या-नव्याचं मिश्रण असतं. पाण्यात टाकून तरंगणारं काढणं ठीक आहे, त्यानं पोकळ दाणा निघतो. जुना झालेला पण भरीव दाणा मात्र बुडतो, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका.

कांद्याचं बी फार लवकर मरतं. साध्या कापडी पिशवीत एक पावसाळा गेला की उगवण घसरते. ६ टक्के ओलाव्यावर हवाबंद डब्यात दोन वर्षं टिकू शकतं.

आता प्रमाणाचा हिशेब. १५ बाय १० वर एकरी सुमारे पावणेतीन लाख रोपं लागतात. एका ग्रॅममध्ये २५०-३०० दाणे धरले तर एका किलोत निदान अडीच लाख. तरीही लोक एकरी तीन किलो टाकतात, कारण उगवण आणि रोपवाटिकेतली मर यावर भरवसा नसतो. बी खात्रीचं आणि गादीवाफा नीट असेल तर दोन किलोत एकर सहज होतो. बियाण्याचा भाव बघताना हे धरा. महाग पण ८५ टक्के उगवणारं बी पुष्कळदा स्वस्तच पडतं.

गोंडेवाला

बीजोत्पादकाला काय विचारायचं ते मी सांगतो. मातृकांदे कुठले आणि कधी काढलेले? ते चाळीत किती महिने होते? कापून लावले का? शेजारच्या शेतात कुठले गोंडे होते? आणि मूळ बी किती पिढ्यांपूर्वी संस्थेकडून आणलं? चौथ्या-पाचव्या पिढीचं असेल तर जपून. चांगला उत्पादक या प्रश्नांनी खूश होतो, कारण त्याच्याकडे सांगण्यासारखं असतं.

जमलं तर त्याच्या चाळीत सप्टेंबरमध्ये जा. त्यानं बियाण्यासाठी ठेवलेले कांदे बघा. हिरवे कोंब, जाड माना, चपटे-उभट असा मिसळलेला ढीग दिसला तर मेमध्ये त्याचं बी घेऊ नका. संख्याही बघा. पन्नास-साठ कांद्यांवर बी धरत राहिलं तर नात्यातच संकर होत जातो आणि काही पिढ्यांत जोम उतरतो. कांदा लहान, रोप मरगळलेलं. घरच्यासाठी बी धरायचं तरी दोनशेच्या खाली जाऊ नये.

रानवारा

हे पटलं. गावातल्या माणसाचा कांदा डोळ्यांनी बघता येतो, हा मोठाच फायदा. हंगाम मात्र विचारायचा राहिला. खरिपाच्या लाल कांद्याचं बी आणि उन्हाळचं बी यांची पद्धत वेगळी असते ना?

गोंडेवाला

हो. खरिपाचा कांदा, म्हणजे बसवंत-७८० किंवा ॲग्रीफाउंड डार्क रेड, नोव्हेंबरात निघतो आणि निवडून दोन-तीन आठवड्यांत परत लावतात. चाळीचे पाच महिने त्याला मिळत नाहीत, त्यामुळे टिकवणीची निवड होत नाही. त्याच्याकडून ती अपेक्षाही नसते. अडचण येते ती खरिपाचं शिल्लक बी उन्हाळच्या नावानं विकलं जातं तेव्हा. दाणा सारखाच काळा. त्याचा कांदा गडद लाल, जाड मानेचा निघतो आणि जूनमध्येच चाळीत पाणी सुटतं.

पीक_निरीक्षक

शेवटी फसवणूक झालीच तर काय करायचं, तेही इथे असू द्या.

पक्की पावती घ्या, त्यावर जात, लॉट नंबर आणि मुदत लिहिलेली असली पाहिजे. रिकामं पाकीट टॅगसकट ठेवा. पाकीट फोडताना खालच्या बाजूनं फोडा म्हणजे छापलेला मजकूर शाबूत राहतो. पन्नास ग्रॅम बी त्याच पाकिटात बांधून कोरड्या डब्यात ठेवा. उगवण कमी असेल तर रोपवाटिकेतच, डेंगळे किंवा भेसळ असेल तर पीक उभं असताना तालुका कृषी अधिकाऱ्याकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तालुका तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पंचनामा करते. कांदा काढून झाल्यावर गेलात तर समितीला बघायला काही उरत नाही.

बियाणे कायदा १९६६ चा आहे, पण त्यात शेतकऱ्याला भरपाई मिळायची सोय नाही. ती ग्राहक आयोगातून मागता येते. शेतकरी हा ग्राहक आहे आणि बियाणे कायदा असला तरी तो तिथे जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. सुटं, बिनपावतीचं बी घेतलं असेल तर मात्र हा रस्ता जवळजवळ बंद.

चाळकरी

मग गावातल्या बीजोत्पादकाकडून घेणाऱ्यानं काय करायचं? तो पावती कुठून देणार?

पीक_निरीक्षक

शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातलं बी ठेवायचा, पेरायचा, वाटायचा आणि विकायचाही हक्क २००१ च्या वाणसंरक्षण कायद्यानं दिलाय. अट एवढीच की संरक्षित वाणाचं बी छापील नाव-लेबल लावून विकायचं नाही. म्हणजे असं बी घेणं बेकायदा नाही. फक्त तुमचं संरक्षण कागदात नसून तुम्ही त्याच्या चाळीत काय पाहिलंत त्यात असतं. यंदा ज्याच्याकडून घ्याल त्याचं पाव किलोच घ्या, दोन-तीन जणांचं घ्या आणि एकाच दिवशी टाका. प्रत्येक वाफ्याला खुंटी ठोकून नाव लिहा आणि लागवडीतही त्या ओळी वेगळ्या ठेवा. काढणीला प्रत्येकाचे शंभर कांदे मोजून डेंगळे, जोड, जाड मान आणि परका रंग लिहून ठेवा. तेच शंभर ऑगस्टपर्यंत चाळीत वेगळ्या जाळीत ठेवून कोंब मोजा.

निफाडकर

हे यंदा करतोच. गोंडेवाला, विद्यापीठाचं मिळालं तर एक किलो, गावातल्या दोघांचं पाव-पाव किलो आणि एका कंपनीचं पाव किलो, असं टाकायचं ठरवलंय. रोपं १५ ऑक्टोबरच्या सुमारास टाकली तर चालतील ना?

गोंडेवाला

चालतील. लागवड डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उरकेल असं बघा, आणि चारही लॉट एकाच पाण्याच्या पाळीत येतील अशा ओळी आखा.